गिरणी चालू हाय का?

सकाळी आठ वाजले की मामा शहरातल्या कंट्रोल रूमला फोन लावत आणि विचारत, "तुमच्याकडं किती वाजले?"

पलीकडे कुणीतरी नवखा मुलगा असे. तो म्हणे, "आठ वाजून दोन मिनिटं."

"माझ्याकडं आठ आणि चार. लिहून ठिवतो." आणि फोन बंद.

मी पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मला वाटलं, काहीतरी गुप्त ठराव असेल. दुसऱ्या दिवशी विचारलं. मामा म्हणाले, दोन ठिकाणी लाइट गेली तर आधी कुठली गेली हे कळायला घड्याळं जुळायला नकोत का? पटलं. पण आठवडाभराने कुणीतरी हेच विचारलं तेव्हा त्यांनी वेगळंच सांगितलं. "पोराचा आवाज ऐकायला लावतो. झोप झाली का न्हाई, ते आवाजात कळतं. आपली लाइन त्याच्या हातात हाय." दोन्हीतलं खरं कुठलं, मला ठरवता आलं नाही. मामांच्या बाबतीत माझं नेहमी असंच होत आलं.

त्यांचं नाव मी लिहीत नाही. आमच्या सबस्टेशनचंही नाही. धारूरचा घाट लागायच्या अलीकडे माळावर चार भिंतींची एक खोली, मागे जाळीत दोन मोठे ट्रान्सफॉर्मर आणि एक कडुलिंबाचं झाड, एवढंच ते सबस्टेशन होतं. मामा तिथले ऑपरेटर, सगळे त्यांना मामाच म्हणत. तिथून निघणाऱ्या लाइनी चालू करणं, बंद करणं आणि प्रत्येक गोष्ट रजिस्टरात लिहिणं हे त्यांचं काम. रिटायर व्हायला दोन-अडीच वर्षं उरली होती.

मी चोवीस वर्षांची होते, नुकतीच वीज कंपनीत इंजिनिअर म्हणून लागले होते. तेव्हा सगळीकडे नवी यंत्रं बसत होती. ट्रान्सफॉर्मरला गरमी मोजणारी डबी, लाइनीवर वीज मोजणारे मीटर, खांबावर लटकणाऱ्या पेट्या. सगळ्यांच्या पोटात सिमकार्ड. कुठे काय चाललंय ते शहरात पडद्यावर दिसायचं आणि तिथूनच बटण दाबून लाइन बंद करता यायची. या यंत्रांशी कसं वागायचं ते जुन्या माणसांना शिकवायला मला पाठवलं होतं. मामांना शिकवायला!

पहिल्याच दिवशी मी दाराशी बूट काढायला वाकले, कारण मामांच्या चपला बाहेर होत्या आणि ते आत अनवाणी फिरत होते.

"बूट काढू नका मॅडम. नियम हाय. आत बूट पायजेच."

"मग तुम्ही?"

"मी आत कशाला हात लावत न्हाई."

असं म्हणून त्यांनी सरळ पॅनेलचा दांडा फिरवला आणि एक लाइन चालू केली. मी बूट घालून उभीच.

मला वाटलं होतं, हा म्हातारा नव्या यंत्रांवर चिडेल. तसं काही झालं नाही. उलट ते यंत्रांना "पाहुणे" म्हणत आणि त्यांची फार बडदास्त ठेवत. ट्रान्सफॉर्मरवरच्या डबीचा मेसेज आला की मोबाइल डोळ्यांपासून हातभर लांब धरून वाचत. "पाहुणे म्हणतात, अंग तापलंय." मग बाहेर जाऊन ट्रान्सफॉर्मर बघून येत. परत आले की रजिस्टर उघडत. त्यांच्याकडे पेन्सिल होती आणि पेन होतं. पाहुण्यांनी सांगितलेलं ते पेन्सिलीने लिहीत. तीच गोष्ट दुसऱ्या कुणी, पाहुण्यांची ओळख नसलेल्या माणसाने सांगितली, तर त्याच अक्षरांवरून पेन फिरवत. दुसरं कुणी भेटलं नाही तर ओळ पेन्सिलीतच राहायची. काही पानं अशी होती की खिडकीकडे धरल्याशिवाय वाचताच येत नसत.

"यंत्रावर विश्वास नाही का तुमचा?" मी विचारलं.

"लई हाय. पण एकट्यानं सांगितलेलं मी माझ्या बायकोचंबी लिहीत न्हाई पेनानं."

हे दुसरं माणूस मिळवायला त्यांनी कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवला होता. त्यावर गावोगावच्या लोकांचे फोन नंबर होते. फाट्यावरचा रसवंतीवाला. शाळेचा शिपाई. खालच्या गावाच्या शेवटच्या डीपीवर, म्हणजे छोट्या ट्रान्सफॉर्मरवर, पिठाची गिरणी चालवणारी मावशी. लाइट आली का गेली हे विचारायला मामा यांनाच फोन करत. मावशीला तर दिवसाआड. "मावशी, गिरणी चालू हाय का?" एवढंच विचारत. मावशीही वैतागत नसे. कागदावर सगळ्यात खाली डोंगरवस्ती लिहिलं होतं आणि त्यापुढे, "कुणी न्हाई. पाडव्यापर्यंत." तिथली सगळी घरं ऊसतोडीला कारखान्यावर जायची. दसऱ्यानंतर कुलपं लागत, ती उन्हाळ्याच्या तोंडावर निघत.

लोक सांगत की मामांच्या हातून पूर्वी कुणीतरी गेलंय, म्हणून ते असे झाले. एकजण म्हणाला, सख्खा भाऊ लाइनीला चिकटला. दुसऱ्याने सांगितलं, हेल्पर होता. तिसऱ्याच्या मते मामाच चिकटले होते, डाव्या मनगटावरचा डाग त्याचाच. मी एकदा धीर करून विचारलं.

"कोंबडीनं चोच मारलीय ती," मामा मनगट दाखवत म्हणाले. "माझ्या नोकरीत कुणाला खरचटलंबी न्हाई."

"मग एवढी काळजी कशामुळे?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू प्रश्नच समजला नाही. मलाही वाटायला लागलं की आपण काहीतरी अडाण्यासारखं विचारलं.

त्या वर्षी मोटारींचा एक घोळ झाला होता. शेतकऱ्यांनी विहिरीवरच्या मोटारींना मोबाइलवर चालणारे स्टार्टर लावले होते. लाइट आली की मोटार आपोआप सुरू. पण सगळ्यांच्या मोटारी एकाच क्षणाला सुरू झाल्या की डीपीवर भार पडून ती जळायची. मग पंधरा-पंधरा दिवस सगळं शिवार कोरडं. त्या स्टार्टरमध्ये "लाइट आल्यावर इतक्या मिनिटांनी सुरू हो" अशी सोय होती, पण ती कुणी वापरत नव्हतं. मी तक्ता करून नेला. कुणी ऐकेना. आधी पाणी कुणाला, यावर भांडणं.

मामांनी एका डीपीवरच्या सगळ्या शेतकऱ्यांना लिंबाखाली बोलावलं आणि जाहीर केलं, "वयाप्रमाणं. थोरला आधी, धाकला मागून. दोघांत दोन मिनिटं."

लोकांना हे कसं कोण जाणे पटलं. घरून आधार कार्डं आली. आणि मग गोंधळ झाला, कारण अर्ध्या लोकांची जन्मतारीख एक जून. शाळेत घालताना मास्तरांनी सरसकट तीच टाकलेली. दोघे तर एकाच साली, एकाच तारखेला जन्मलेले निघाले आणि त्यातला एक दुसऱ्याचा चुलता होता. मामांनी दोघांना उभं केलं, न्याहाळलं आणि ज्याचे केस जास्त पिकले होते त्याला आधीचा नंबर दिला. मी खाली बसून एकेकाच्या मोबाइलवर मिनिटं भरत होते.

त्या हंगामात ती डीपी जळली नाही. मी वर तसा अहवाल पाठवला. पण त्या वर्षी पाऊसही बरा झाला होता, मोटारी कमीच चालल्या. मामांच्या वयाच्या क्रमाने डीपी वाचली की पावसाने, हे मला आजही सांगता येणार नाही.

आता त्या दिवसाचं सांगते.

सबस्टेशनमधून निघालेली एक लाइन पुढे जाऊन दोन फांद्यांत फुटत होती. एक फांदी खालच्या गावाला, दुसरी डोंगरवस्तीला. फाट्यावर दोन खांब होते, दोन्हींवर नव्या पेट्या आठवड्यापूर्वीच बसवल्या होत्या. कुठली पेटी कुठल्या गावाची, त्याची यादी मी केली होती. त्या दिवशी ऊन फार होतं. खांबाखालून एकाने पेट्यांचे नंबर ओरडून सांगितले, मी जीपमध्ये बसून टॅबवर भरले.

दोन दिवसांतच पडद्यावर विचित्र दिसायला लागलं. डोंगरवस्तीला वीज भरपूर जातेय आणि खालच्या गावाला जवळजवळ काहीच नाही. मी अहवालात लिहिलं, "डोंगरवस्तीवर चोरीचा संशय." मामांना वाचूनही दाखवलं.

"मॅडम, तिथं आता कुत्रंबी न्हाई," ते म्हणाले.

"म्हणूनच तर संशय. कुलूपबंद घरांत एवढी वीज जाते कुठे?"

त्यांनी पेन्सिल उचलली, काहीतरी लिहिलं आणि रजिस्टर मिटलं. काय लिहिलं ते मी पाहिलं नाही.

त्यानंतर तीन-चार दिवसांनी खालच्या गावाच्या अलीकडे शेतातल्या खांबावर एक इन्सुलेटर तडकला. वारा आला की ठिणग्या उडत होत्या आणि गावात लाइट लपापत होती. त्याच दुपारी गावात एका पुढाऱ्याची सभा होती. त्यांचा एक कार्यकर्ता सकाळपासून लाइनमन बाळूच्या मागे लागला होता. बाळू खांबापाशी पोचला आणि त्याने सबस्टेशनला फोन केला. लाइन बंद आहे, चढायला हरकत नाही, असं ऑपरेटरने सांगितल्याशिवाय लाइनमन चढत नाही. मी तेव्हा मामांसमोरच बसले होते.

पूर्वी अशा वेळी अख्खी लाइन सबस्टेशनातून बंद करत. आता नवा आदेश होता, फक्त हवी ती फांदी बंद करायची, तीही कंट्रोल रूममधून. मामांनी फोन केला. पलीकडच्या मुलाने बटण दाबलं. "खालचं गाव बंद. करंट शून्य," तो म्हणाला. माझ्या टॅबवरही दिसलं, खालचं गाव लाल, शून्य. मामांच्या मोबाइलवर मेसेजही आला.

मामांनी पेन्सिलीने लिहिलं. मग कपाटाचं दार उघडून कागद पाहिला आणि दुसरा फोन लावला. मोबाइल कानाला लावून थोडा वेळ गप्प उभे होते.

"मावशी, गिरणी चालू हाय का?" मग थांबले. "लाइटवर का इंजनवर?" पुन्हा थांबले. "बरं बरं. दळा."

फोन खाली ठेवून ते म्हणाले, "गिरणी चालू हाय. लाइटवर."

"शक्यच नाही मामा." मी टॅब त्यांच्यासमोर धरला. "शून्य आहे."

"असंल. पण गिरणी चालू हाय."

बाळूला त्यांनी सांगितलं, चढू नको. फोनमधून बाळूचा आवाज मला ऐकू येत होता. "मामा, पट्टा बांधून हुबा हाय मी. कावून थांबवता? हितं माणसं जीव खायलेत माझा."

"तारा जमिनीला जोडायची सळई हाय का तुझ्याकडं?"

"ती दुसऱ्या टोळीकडं गेली. आता हो म्हणा की."

"हो म्हणणार न्हाई बे. खाली बस."

कार्यकर्त्याने बाळूच्या हातून फोन घेतला आणि मामांना जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. मामा ऐकत राहिले. मग त्यांनी कंट्रोल रूमकडे अख्खी लाइन बंद करायची परवानगी मागितली. ती मिळाली नाही. मुख्य लाइनीवर दवाखाना होता, पाणीपुरवठा होता. "मग पेट्या बसवल्यात कशासाठी?" असं तिथल्या साहेबांनी विचारलं आणि फोन माझ्याकडे द्यायला सांगितलं. मला म्हणाले, "मॅडम, तुम्ही इंजिनिअर आहात ना? एका गिरणीसाठी काम अडवून धरलंय तिथे. मिटवा."

मी म्हणाले, मी स्वतः बघून येते. खरं तर मला मामा चुकीचे ठरवायचे होते. तीन ठिकाणी शून्य दिसत होतं आणि मी एका बाईच्या शब्दावर शेतात निघाले होते, याचा मला राग आला होता.

मी जीपने गेले. वाटेत खांबापाशी बाळू बांधावर बसला होता, माझ्याकडे पाहिलंही नाही. मी गावाच्या तोंडापर्यंत गेले. तिथे एक केशकर्तनालय होतं. आत एका माणसाच्या गालाला फेस लावलेला आणि आरशावर बल्ब जळत होता. पंखा फिरत होता.

"इथली लाइट कधी आली?" मी विचारलं.

न्हाव्याने वस्तरा थांबवला. "गेलती कवा? सकाळपासून लपापतीय, पण हाय."

बल्ब जळत होता आणि माझ्या हातातला पडदा शून्य दाखवत होता. मी दोन्हींकडे आळीपाळीने किती वेळ पाहिलं कोण जाणे. त्या गालाला फेस लावलेल्या माणसाने विचारलं, "ताई, बरं वाटंना का?"

मी परत येऊन बाळूला सांगितलं, लाइन चालू आहे. त्याने कमरेचा पट्टा सोडायला घेतला, पण बक्कल त्याला निघेना. शेवटी कार्यकर्त्यानेच काढून दिलं.

मामांना फोन केला तर ते फक्त "हां" म्हणाले. मग त्यांनी कुणालाही न विचारता अख्खी लाइन बंद केली आणि नंतर कंट्रोल रूमला कळवलं. बाळूने काम उरकलं. पुढाऱ्यांना सुरुवातीला माइकशिवाय बोलावं लागलं, म्हणून सभा लवकर संपली असं ऐकलं.

झालं काय होतं ते मला संध्याकाळी यादी उघडल्यावर कळलं. दोन पेट्यांचे नंबर मी उलटे भरले होते. खालच्या गावाच्या नावाखाली डोंगरवस्तीची पेटी होती. बटण दाबल्यावर लाइट गेली ती डोंगरवस्तीची, आणि तिथे तक्रार करायला कुणीच नव्हतं. सगळे उसाच्या फडात होते. चोर वगैरे कुणी नव्हता. जी वीज मी चोरीची म्हणून लिहिली ती खालच्या गावाचीच, गिरणीची, शाळेची, त्या न्हाव्याची.

मी रात्रभर नोकरी सोडायची पत्रं मनात लिहिली. दुसऱ्या दिवशी सबस्टेशनवरच चौकशी झाली. मी उभी राहून सांगितलं, यादी माझी, चूक माझी. तेवढ्यात मामा खुर्चीतून उठले.

"नंबर मी सांगितले साहेब. खांबाखाली मी हुबा होतो. माझ्याकडून उलटे बोलले गेले असतील."

मी चक्रावले. त्या दिवशी खांबाखाली ठेकेदाराचा माणूस होता, लाल टोपी घातलेला. मला स्पष्ट आठवत होतं. मामा तर ड्यूटीवर असायला हवे होते. मी तसं म्हणाले. मामा म्हणाले, "मॅडम जीपमधी होत्या. त्यांना दिसलं नसंल." साहेबांनी दोघांनाही लेखी समज दिली आणि विषय मिटवला. बाहेर आल्यावर मी मामांना गाठलं. ते लिंबाखाली चपला शोधत होते, एक कुत्र्याने लांब नेली होती. "तुमी ती चप्पल आणता का मॅडम?" एवढंच म्हणाले.

नंतर माझी बदली झाली. मामा रिटायर झाले आणि लिंबागणेशकडे त्यांच्या गावी राहायला गेले. मागच्या वर्षी त्या बाजूला कामाने गेले होते, तेव्हा त्यांच्या घरी डोकावले. मामा पडवीत खाटेवर बसले होते. मामींनी पेरू कापून ताटली पुढे ठेवली. बाळूचा विषय निघाला, त्याची मुलगी यंदा नर्सिंगला लागली म्हणाले.

मी म्हणाले, "त्या दिवशी गिरणीवाल्या मावशीने वाचवलं त्याला."

मामा पेरूच्या बिया थुंकून म्हणाले, "तिनं फोन उचललाच नव्हता."

मला वाटलं, वयाने विसरले. "अहो, तुम्ही माझ्यासमोर बोललात तिच्याशी. लाइटवर का इंजनवर, विचारलंत."

"रिंग वाजत होती. मी बोलत होतो."

मामी आत निघून गेल्या.

"म्हणजे गिरणी चालू आहे हे तुम्हाला माहीत नव्हतं?"

"न्हाई."

"पेट्या उलट्या आहेत हे कळलं होतं? मी चोरीचं वाचून दाखवलं तेव्हा?"

"कायतरी चुकतंय एवढं वाटलं. काय, ते न्हाई कळलं."

"मग खोटं का बोललात?"

"बाळ्या पट्टा बांधून हुबा होता. मावशी फोन उचलंना, असं म्हणलो असतो तर तो थांबला असता का? तुमी थांबू दिलं असतं?"

मी थांबू दिलं नसतं.

"आणि लाइन खरंच बंद निघाली असती तर?"

"तर शिव्या बसल्या असत्या. त्या बसल्याच की." त्यांनी ताटली माझ्याकडे सरकवली. "खावा. झाडाचे हायेत."

उठताना मी शेवटचं विचारलं. "आणि पेट्यांचे नंबर? खांबाखाली तुम्ही होता का हो?"

मामा हसले. "ते तुमी आठवून बघा," म्हणाले.

मी तेव्हापासून आठवून बघते आहे. ते ऊन आठवतं, जीपची तापलेली सीट आठवते, आकडे ओरडणारा आवाज आठवतो. चौकशीच्या दिवशी मला लाल टोपी शपथेवर सांगता आली असती. आता खांबाखाली कधी ती टोपी दिसते, कधी हातभर लांब मोबाइल धरून उभे असलेले मामा. आणि अलीकडे मामाच जास्त वेळा दिसतात.